लक्षद्वीपच्या रात्रीचा हिशेब : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जामंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये कवरत्तीत पंतप्रधानांच्या हस्ते सौरप्रकल्पाचे उद्घाटन झाले. बॅटरीची जोड असलेला लक्षद्वीपमधला हा पहिलाच प्रकल्प. सौरक्षमता सुमारे १.७ मेगावॅट, बॅटरी १.४ मेगावॅट-तास. पहिल्या आकड्याचे कौतुक झाले, ते रास्तच. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याबद्दल.

१.४ मेगावॅट-तास म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १४०० युनिट. २०११ च्या जनगणनेत एकट्या कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांवर होती. माणशी वाटणी केली तर छताचा एक पंखा दोन तासही फिरणार नाही. फ्रीज आणि दवाखाना तर दूरच. दिवस मावळला की भिस्त पुन्हा डिझेल जनरेटरवर, आणि ते डिझेल येते मुख्य भूमीवरून, जहाजाने. प्रशांत महासागरात, अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर २०१६ मध्ये सौरप्रकल्प झाला, तो १.४ मेगावॅटचा. वस्ती सहाशेच्या आसपास, पण बॅटऱ्या ६ मेगावॅट-तासांच्या! तीन दिवस ऊन पडले नाही तरी बेटाचे अडू नये, असा हिशेब होता. एवढी चैन आपल्याला परवडणार नाही, मान्य. पण तिथे साठवणुकीचा विचार पॅनेलइतकाच गांभीर्याने झाला.

शिवाय साठवण बॅटरीतच व्हायला हवी असे थोडेच आहे? कवरत्तीत २००५ पासून समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारा प्रकल्प आहे, रोज सुमारे एक लाख लिटर क्षमतेचा. त्यासाठी खोल समुद्रातले थंड पाणी पंपाने वर ओढावे लागते. ट्यूनाची मासेमारी करणाऱ्यांना बर्फ लागतो. यातले जेवढे काम भर दुपारी उरकता येईल, तेवढे तेव्हाच उरकावे. टाकीत भरलेले पाणी आणि गोठवून ठेवलेला बर्फ रात्री वीज मागत नाही. शीतगृह आणि मोठ्या टाक्या बॅटरीपेक्षा टिकतातही जास्त.

जागेचा प्रश्न खरा आहे. सगळी बेटे मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, त्यातही माडांची दाटी. माड तोडून पॅनेल लावू नयेत. आधी शाळा, कार्यालये, गोदामे यांची छपरे वापरून संपवावीत. लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाची रांग यांमधल्या उथळ पाण्यात, तरंगती पॅनेल टाकण्याची कल्पना कागदावर छान दिसते. पण प्रवाळाच्या पेशींत राहणारे शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यावरच प्रवाळ जगतो. त्या शैवालावर कायमची सावली धरली, तर प्रवाळ मरेल. मग बेटावर येणाऱ्या लाटा अडवणार कोण?

पावसाळ्यात ढग असतात आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून जनरेटर भंगारात काढा, असे मी म्हणत नाही. चिंता दुरुस्तीची आहे. खारा वारा नटबोल्टसुद्धा सोडत नाही. जुलैत इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र) बंद पडला आणि तंत्रज्ञ कोचीहून यायचा असेल, तर पॅनेल असून नसल्यासारखीच. बेटांवरच्याच मुलामुलींना हे काम शिकवा आणि सुटे भाग पावसाळ्याआधी तिथे नेऊन ठेवा. हा खर्च मूळ निविदेतच धरा, नंतरच्या पत्रव्यवहारावर सोडू नका.

आणि त्याच निविदेत मेगावॅटच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असू द्या : संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, डिझेलशिवाय किती युनिट?

आपला,
एक वीजग्राहक