गाळप परवान्यात आमची एक ओळ घाला

संपादक महोदय,

सात हंगाम मी नवऱ्याबरोबर ऊस तोडला. मुकादमाच्या वहीत आम्हा दोघांची नोंद एकच, ‘एक कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात, मोळी मात्र दोघांच्याही डोक्यावर. एक दिवस बुडाला की खाडा, आणि आमच्या टोळीत खाड्याचे 500 रुपये कापत. त्यामुळे पाळी आली म्हणून कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, कुणी थांबत नसे. कापड कॅनॉलच्या पाण्यात धुवायचं आणि कोपीच्या आत, पुरुषांच्या नजरेआड, उसाच्या वाढ्यांखाली पसरायचं. तिथं ऊन कुठलं? दुसऱ्या दिवशी तेच ओलसर कापड. अंगावरून पाणी जायला लागलं तरी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, बाई बोलत नाही. गावी आल्यावर डॉक्टर म्हणतात, गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. माझ्या थोरल्या जावेची 28 व्या वर्षी काढली. ऑपरेशनचा खर्च पुढच्या उचलीतून भागवला. तेव्हापासून तिची कंबर धरलेली आहे, तरी मोळी उचलतेच.

बीडच्या या पिशव्यांवर 2019 मध्ये फार गाजावाजा झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मग खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. हे बरंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुखणं दवाखान्यात लागत नाही, उसाच्या फडात लागतं. फडासाठी कुणाची परवानगी?

आम्ही अकरा माजी तोडणीवाल्या गेल्या डिसेंबरात आमदारांच्या कार्यालयात निवेदन घेऊन गेलो. साहेब अधिवेशनाला नागपूरला होते. त्यांच्या सहायकाने चहा पाजला आणि विचारलं, “यातल्या आता तोडीला जाणाऱ्या किती?” एकही नव्हती. असणार कशी? हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा त्या कुणी सांगलीच्या फडात, कुणी कर्नाटकात. त्याने पोचेचा शिक्का मारून एक प्रत परत दिली. ती माझ्या पेटीत आहे. नंतर ना फोन, ना पत्र.

निवेदनात फार काही मागितलं नव्हतं. दर हंगामाला साखर आयुक्त कारखान्यांना गाळप परवाना देतात. टोळ्या उतरतात तिथं संडास, आडोशाची मोरी आणि प्यायचं पाणी असेल तरच परवाना, अशी अट घाला. पाळीत आणि बाळंतपणात खाडा नको. शेतकऱ्याचं थकलेलं बिल म्हटलं की परवाना अडतो, मग बाईच्या संडासाला का अडू नये? 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, त्याचा आनंद आहेच. पण आमच्या गावात पोचली ती दराचीच बातमी. मोरीचं नाव कुणी काढल्याचं ऐकलं नाही.

प्रसूती लाभ कायदा 1961 मध्येच आला, 2017 पासून तर 26 आठवड्यांची पगारी रजा झाली. आमच्या टोळीतली एक जण बाळंत झाली आणि बाराव्या दिवशी मोळ्या बांधायला बसली. रजा मागायची कुणाकडे? कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचाच हमाल. (उचल फिटली नाही की मात्र दोघांनाही घर बरोबर सापडतं.)

पावसाळी अधिवेशनाच्या वेळी आमच्या बायका गावातच असतात, खुरपणीला. जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांनी त्याआधी त्यांना भेटावं आणि परवान्याच्या अटीचा प्रश्न सभागृहात मांडावा. दसऱ्यानंतर गाड्या भरल्या की गावात म्हातारी माणसं तेवढी राहतात. येताना दुपारी दोननंतर यावं, त्याआधी खुरपं खाली ठेवता येत नाही.

— एक माजी ऊसतोड कामगार, ता. धारूर, जि. बीड