रीडिंग

पावस, बुधवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ही चिठ्ठी फणसपोळीच्या डब्यात घालून पाठवतोय. फोनवर तू "हो आप्पा, हो आप्पा" म्हणतेस आणि मागे नळाचा आवाज येतो, म्हणजे भांडी घासणं चालू असतं. कागद निदान हात पुसून घ्यावा लागेल.

त्या रविवारचं आधी लिहितो. तू चपला घालता घालता विचारलंस, "आप्पा, मला एवढं सांगता, तुम्ही स्वतः गाडी कशी चालवता ते कधी बघितलंत?" त्यावर मी जे ओरडलो ते वाडीतल्या चार घरांनी ऐकलं. तू रेनकोटची वरची बटणं न लावताच गाडी चालू केलीस. घाटी उतरून आवाज नाहीसा होईपर्यंत तुझी आई खळ्यात उभी होती. आत आल्यावर एवढंच म्हणाली, "रागात धाडलंत पोरीला." पोचल्याचा तुझा मेसेज येईपर्यंत मी ओसरीवरून हललो नाही. भांडायचंच होतं तर जेवताना भांडायला हवं होतं. गाडीवर बसायच्या तोंडावर भांडलो, ही चूक माझी.

परवाच्या शनिवारी तू आली नाहीस. काम होतं म्हणालीस, असेलही. शनिवारी अंधार पडल्यावर निघून येण्याचा विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलंय. तेव्हा तो काढत नाही.

तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तीस वर्षं मी लोकांच्या मीटरचं रीडिंग घेतलं. घर बंद असलं, कुत्रा मोकळा असला, पाऊस जास्त असला की आम्ही काय करायचो तुला ठाऊक आहे: मागच्या महिन्यांवरून सरासरी टाकायची आणि पुढच्या घराला जायचं. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही" हे माझं तसलंच सरासरी बिल. मीटरसमोर जाऊन उभा कधी राहिलोच नव्हतो. म्हणून सोमवारपासून कालनिर्णयच्या मागच्या पानावर रोज लिहायला घेतलं. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधली. आईला वाटलं दुधाचा हिशोब आहे.

पहिल्याच दिवशी चूक सापडली ती हेल्मेटची. घरून निघताना ते माझ्या कोपरात अडकवलेलं असतं. गोळपचा सडा, खालची वळणं, सुरूचं बन, सगळं तसंच पार होतं आणि भाट्याच्या पुलाशी आल्यावर ते डोक्यावर चढतं, कारण पुढे शहरात पोलीस उभे असतात. म्हणजे दंडाची आणि तीन महिने लायसन्स जाण्याची भीती मला आहे, डोकं फुटण्याची नाही. हे लिहिताना लाज वाटली, पण रीडिंग म्हणजे रीडिंग.

दुसऱ्या दिवशी त्याचा पट्टा. बक्कल लावलं की गळ्याला काचतं म्हणून मी ते नुसतं लोंबतं ठेवायचो. तू कॉलेजात असताना दाखवलेलं आठवलं: पट्टा लावायचा, मागची कड दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायची, निघता कामा नये. आरशापुढे उभा राहून करून बघितलं. नारळ सोलल्यासारखं हेल्मेट अलगद माझ्या हातात आलं, बक्कल लावलेलं असताना! आतला स्पंज पार चपटा झालाय. तुझी आई दारात होती. ती हसली आणि मग हसायची थांबली.

आता एक कबुली. २०१६ च्या श्रावणात मी विहिरीच्या पायरीवरून घसरलो असं तुला सांगितलं होतं. ते खोटं. गावखडीच्या अलीकडे, झाडांच्या सावलीतल्या त्या उतारावर, जिथे रस्त्यालासुद्धा शेवाळ धरतं, तिथे मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक फिरून माझ्याआधी पुढे गेलं आणि मी गडग्यावर आपटलो. तुझी परीक्षा होती, म्हणून आईने सांगू दिलं नाही. डोकं वाचलं ते हेल्मेटामुळेच, नशिबाने तेव्हा ते डोक्यावर होतं. आणि तेच हेल्मेट मी अजून वापरतोय. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, मार खाल्ला की बाहेरून कितीही धड दिसलं तरी त्याचं काम संपलं, हे मला माहीत होतं. पण बाहेरून धड दिसत होतं ना! तर "एक ओरखडा नाही" हेही गेलं.

ब्रेकचं तर विचारू नकोस. मी शिकलो जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीवर, आणि शिकवणाऱ्याने पहिला मंत्र दिला तो हा, की पुढचा ब्रेक दाबलास तर डोक्यावरून उलटशील. तो मंत्र चाळीस वर्षं पाळला. खरं म्हणजे ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, मुख्य थांबवणारं चाक तेच. गुरुवारी मोजलं. बाजारात जाऊन येईपर्यंत एकोणतीस वेळा ब्रेक लावला, त्यात पुढचा चार वेळा. आता सकाळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत सराव करतोय, दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू दाबत नेत, झटका न देता. शाळेची पोरं कठड्यावर बसून बघतात.

बघ, तुला लिहायला बसलो आणि माझंच पुराण झालं. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे.

कालनिर्णयवर मी ठिपके काढत होतो. पडलो नाही, लागलं नाही, पण छातीत धस्स झालं, असं काही घडलं की एक ठिपका. दहा दिवसांत सात. पहिल्यांदा सातही ठिपक्यांपुढे दुसऱ्याचं नाव लिहिलं: म्हैस, रिक्षावाला, एसटी, पुन्हा म्हैस. रविवारी निवांत परत वाचलं. सातातले पाच माझे निघाले.

त्यातला एक सांगतो. गोळपच्या पुढे माझ्यासमोर मासळीचा टेम्पो होता. फाळक्यातून बर्फाचं पाणी गळत होतं, तेलकट, मधूनच एखादा खवला उडून माझ्या काचेवर बसत होता. वास नको म्हणून मी त्याच्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून चालवत होतो, वळण संपलं की काढू म्हणून. वळण संपायच्या आतच समोरून एसटी. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, मीही मारला, माझं पुढचं चाक त्याच्या नंबरप्लेटपासून वीतभर. त्या वीतभर अंतरात मला तुझ्या रेनकोटची उघडी बटणं दिसली. काय संबंध, पण दिसली खरी. घरी येऊन लिहिलं "एसटी". एसटी आपल्या बाजूने, आपल्या वेळेवर चालली होती. चिकटलेला मी होतो.

त्या दिवसापासून अंतर मोजतो. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की म्हणायचं, "एक नारळ, दोन नारळ." दुसरा नारळ म्हणून व्हायच्या आत मी त्या खांबाशी पोचलो तर फार जवळ आहे. पावसात चार नारळ. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. ओसरीपासून विहिरीपर्यंत पावलं टाकून बघितलं, सोळा भरले. म्हणजे डोळ्यांनी म्हैस बघून हाताने ब्रेक पकडेपर्यंतच आपण ओसरी सोडून विहिरीत! थांबणं त्याच्याही पुढचं. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट जागा लागते, हे तुला मी सांगायला नको, फिजिक्समध्ये तुला माझ्यापेक्षा बरे मार्क होते.

तुझ्या गाडीला एबीएस आहे, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, ठीक. पण ते फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक अजून तुझ्याच पायाखाली आहे, आणि त्या टायरची नक्षी मी त्या रविवारी बोटाने बघितली, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. पावसाळा निघणार नाही त्यावर. पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, वहाळातून वाहून आलेली जांभ्याची खडी, या तिन्हींवर गाडी तिरकी असताना ब्रेक लावायचा नाही. हवा गाडी गार असताना बघायची, पंपवाल्याच्या अंदाजाने नव्हे, गाडीवर जो आकडा छापलाय त्याप्रमाणे. रेनकोटचा हूड हेल्मेटाखाली घालू नये, मान वळत नाही. आणि

थांबतो. आई मागून वाचतेय, म्हणते, "पत्र आहे की परिपत्रक?" माफ कर. पेन्शनीत माणसाला ऐकणारं कोणी उरत नाही.

खरं तर तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. हे तोंडावर म्हटलं असतं तर तू गाडीच्या आरशात बघून हसली असतीस. शिकाऊ लायसन्स खिशात घालून एप्रिलमध्ये तुला सड्यावर नेलं होतं. कातळ तव्यासारखा तापलेला, गवत वाळून सोनेरी झालेलं. तिसऱ्या फेरीला क्लच सुटला, गाडी आडवी आणि तुझ्या पोटरीला सायलेन्सर. डाग अजून आहे ना? मी धावत आलो तेव्हा तू रडत नव्हतीस. गाडीकडे पाठ करून, हँडल आणि मागची पकड धरून, पायांच्या जोरावर ती उचलत होतीस. हे तुला कोणी शिकवलं होतं, देव जाणे, मी नव्हतं. मी त्या कातळावर उभा राहून मनात म्हटलं, हिला आता काही होत नाही. बापाने असं म्हणू नये, पण म्हटलं. आणि आता रोज संध्याकाळी नेमकं उलट वाटतं.

बंडूमामाच्या अपघाताचं तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं एवढंच, की त्या रात्री तो प्यायलेला नव्हता. लोक काहीही बोलतात. दर आठवड्याचा रस्ता होता, नेहमीची मोरी होती, समोरच्याचा दिवा डोळ्यांवर आला आणि त्याला वाटलं रस्ता पाठ आहे. तुझी आई त्या मोरीवरून जाताना अजून बोलता बोलता गप्प होते.

म्हणून म्हणतो की शनिवारी... बघ, काढलाच विषय. आता काढलाय तर ऐक. एसटीने ये असं आता म्हणणार नाही, ते मी त्या दिवशी म्हटलं आणि त्यावरूनच सगळं पेटलं. गाडी तुझी, हप्ते तू भरतेस. ऑफिस साडेपाचला सुटतं तर तशीच निघू नकोस, एवढंच. रात्री तिथेच राहा, पहाटे ये, दूध यायच्या आत पोचशील. दोन घास गार खाल्ले तर आईचं काही बिघडत नाही. सहानंतर तिचा एक कान घाटीकडे असतो. दुसऱ्यांच्या गाड्या तिला आवाजावरून कळतात, "ही नव्हे" म्हणते आणि आमटी ढवळते. तुझ्या गाडीचा चढावर गिअर बदलतानाचा जो आवाज आहे तो आला की गॅस मोठा करते. त्या मधल्या दीड तासात आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

तूही पंधरा दिवस ठिपके काढून बघ. मला दाखवू नकोस. ठिपक्यापुढे पहिलं नाव दुसऱ्याचं लिहिशील, मीही लिहिलं होतं. दोन दिवसांनी परत वाच.

काल रत्नागिरीला जाऊन नवीन हेल्मेट आणलं, आयएसआयचं, पिवळं. दुकानदार म्हणाला, काका, काळं घ्या, मळत नाही. म्हटलं, एसटीवाल्याला दिसू दे. भाट्यापर्यंत हातात न धरता थेट दुकानातून डोक्यावर घालून आलो. वाडीत सगळे विचारतात, कुठे निघालात? जुन्याचा पट्टा कापून टाकला, उगाच कोणी उचलून वापरायला नको. आईने त्यात गुळवेलीची फांदी लावलीये.

फणसपोळी कापा फणसाची नाही, बरक्याची आहे, कापा यंदा माकडांनी खाल्ला. डबा परत आण. टायर बदललास की बिल ठेव, अर्धे मी देईन, नाही म्हणू नकोस.

तुझा
आप्पा

ता. क. शनिवारी येतेस ना? किती वाजता निघणार ते कळव. सहज विचारतोय.