ओपन किचन हवे, पण लादी फोडणारा ब्रेकर कुठे चालतोय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींतल्या वन बीएचकेत सध्या एकच फर्माईश असते: किचन-हॉलमधली भिंत काढा आणि लादी बदला. सोसायटीच्या एनओसी अर्जात मात्र डिपॉझिट, कामाची वेळ आणि लिफ्ट जपण्याची तंबी, एवढेच.

भिंतीवर टकटक करून मिस्त्री ‘पार्टिशनच आहे’ म्हणतो, त्यावर जाऊ नये. 30 वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. कॉलम-बीमची आखणी ऑडिट करणाऱ्या इंजिनीअरला ठाऊक असते, त्यालाच विचारावे. इमारत लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभी, असेल तर 9 इंची भिंतीचा विषय तिथेच सोडावा. पाइप गॅसची लाइन त्या भिंतीवर असल्यास ती हलवणे गॅस कंपनीचे काम, प्लंबरचे नव्हे.

खरी गोम लादीत आहे. मे 2025 मध्ये कल्याण पूर्वेत लादीचे काम सुरू असताना चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळून सहा जण गेले. 10 बाय 10 फुटांच्या खोलीतली लादी आणि खालचा दोन इंच माल उखडला की टनभर डेब्रिज (राडारोडा) निघते. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरभार (माणसे, सामान) धरून आखलेला असतो. मजूर गोण्या भरायच्या आधी डेब्रिज खोलीच्या मधोमध लोटतात, म्हणजे नेमके स्लॅब सर्वांत जास्त वाकतो तिथे. दोन फुटांचा ढीग चौरस मीटरला 700 किलोंच्या घरात जातो. शेजारी सिमेंटच्या 20 गोण्या रचल्या तर आणखी एक टन! त्यात गंजलेल्या सळयांवर ब्रेकरचे हादरे.

म्हणून एनओसी देताना कमिटीने ब्रेकरला सरळ मनाई करावी. ग्राइंडरने चिरा मारून छिन्नी-हातोडीने लादी काढता येते. दोन दिवस जास्त लागतात. डेब्रिज रोजच्या रोज खाली जावे, तोवर गोण्या भिंतीकडेला एकेरी थरात ठेवाव्यात. आणि आधी खालच्या घराचे छत काठीने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, किंवा सळईच्या रेषेत तडे दिसले, तर लादी उखडूच नये. आधी स्लॅबची दुरुस्ती. छत खणखणीत असेल तर जुन्या लादीवरच अ‍ॅडहेसिव्हने नवी बसवता येते. चौरस मीटरला 30 किलोंच्या आसपास वजन वाढते, ते इंजिनीअरला विचारून घ्यावे. पोकळ वाजणाऱ्या जुन्या लाद्या तेवढ्या काढून भरून घ्याव्यात. दारे खालून अर्धा इंच तासावी लागतील, हे सुताराला आधीच सांगून ठेवावे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नेरूळ