काकू, ‘अबाउट’ खोडल्याबद्दल मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

समोरासमोर बोलायला गेले की माझा गळा भरून येतो म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण माझ्यासारख्या मराठी मीडियमच्या कितीतरी जणी हिंजवडीला रोज इंग्लिश मेल लिहितात आणि सेंड दाबताना त्यांच्या पोटात गोळा येतो.

त्या रविवारी मी नारायण पेठेत तुमच्याकडे मेलची प्रिंट घेऊन आले होते. पहिलंच वाक्य होतं, ‘वी डिस्कस्ड अबाउट द डिले’. आदल्याच आठवड्यात ऑफिसात सगळ्यांसमोर माझी हीच चूक वाचून दाखवली होती, पण ती चूक का आहे ते कोणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही पेन्सिलीने फक्त ‘अबाउट’वर बारीक रेघ मारलीत. मी म्हटलं, अहो काकू, पण आपण चर्चा कशाबद्दल तरीच करतो ना! त्यावर तुम्ही विचारलंत, लहानपणी गादी पिंजायला पिंजारी यायचा तो आठवतो का? त्याच्या धनुकलीचा टण् टण् आवाज, घरभर उडणारा कापूस, सगळं आठवलं. मग म्हणालात, डिस्कस हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ झटकून सुटं करणं, म्हणजे आपलं पिंजून काढणंच की. आता बोल बघू, ‘विषयाबद्दल पिंजून काढला’ असं म्हणशील का?

नाहीच म्हणणार! विषय पिंजून काढला, बस्स. म्हणून ‘डिस्कस्ड द डिले’. इतकी वर्षं कोणी नुसतं ‘असं नसतं’ म्हणायचं, तुम्ही माझ्याच भाषेतून ते माझ्या कानाला ऐकवलंत काकू.

तेच डिस्कशन म्हटलं की ते नाम, तिथे ‘अबाउट’ चालतं, आणि ‘टॉक’ला तर ते लागतंच, हेही त्याच कागदाच्या मागे तुम्ही लिहून दिलंत. रिक्वेस्टचंही तसंच, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर पण क्रियापद असेल तर ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’, मधे ‘फॉर’ नाही. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला लागलाय म्हणून मागून सेलोटेप लावलीय.

नंतर अप्पा बळवंत चौकातून ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी घेतली आणि आता प्रत्येक क्रियापदापुढे काय येतं ते उदाहरणांत बघते, अर्थ नंतर. हीसुद्धा तुमचीच सवय. परवाचा मेल मी कोणालाही न दाखवता पाठवला. हे तुमच्यामुळे झालं.

आता ‘एक्सप्लेन मी’ का चालत नाही आणि ‘एक्सप्लेन इट टू मी’च का, हे विचारायचंय. आपण ‘मला समजाव’ म्हणतो म्हणूनच तो ‘टू’ सुटतो ना? रविवारी दहाला येते, तुमची पूजा आटपल्यावर. कागद आणि पेन्सिल घेऊन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची