दारू सोडताना माझा भाऊ गेला : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या व्यसनावर उपचार सुरू करण्याबाबत.

महोदय,
सा. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझा धाकटा भाऊ २०१६ च्या आषाढात गेला. दारू पिऊन गेला, असं गाव म्हणतं. खरं म्हणजे तो दारू सोडून गेला. एकादशीला त्यानं माळ घातली, त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही, आणि चौथ्या दिवशी संपला.

पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटत होता आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही हिंदकळत होता. आम्हाला वाटलं, होणारच एवढं. दुसऱ्या रात्री तो झोपला नाही. गोधडीवरच्या मुंग्या वेचत बसला होता. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला आणि तो आमच्या वडिलांशी बोलायला लागला. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. आत्या म्हणाली, बाहेरचं लागलंय. देवऋषी आला, लिंबू उतरवून तिकटीवर टाकलं. पहाटे फिट आली. जवळच्या आरोग्य केंद्रात सलाइन लावून सिव्हिलला न्यायला सांगितलं. तो वाटेतच गेला. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, सोडायच्या आधी आणायला हवं होतं."

सोडायच्या आधी! रोज पिणाऱ्याला एकाएकी बंद केल्यानं जिवाला धोका होऊ शकतो, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. नंतर मी वाचत गेले, विचारत गेले. दारू मेंदूला दाबून धरते, आणि वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू उलट जोर लावायला शिकतो. शाळेच्या मैदानात रस्सीखेच चालू असताना एका बाजूनं दोर अचानक सोडला, तर दुसरी बाजू कशी धाडकन आदळते! दारू तुटल्यावर मेंदूचं तसंच होतं. त्यातून कंप, फिट आणि भ्रम. यावर उपचार आहेत. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या बाजारात आल्या १९६० साली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या आठवडाभर हळूहळू कमी करत द्यायच्या, जोडीला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायची, एवढ्यानं बहुतेकांना तो आठवडा सुखरूप पार पडतो. माझ्या भावाला नेमका तोच आठवडा पार करायचा होता.

त्यानंतरचं काम वेगळं असतं, ते म्हणजे पुन्हा न पिण्याचं. त्यालाही औषधं आहेत. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आमच्याकडे मात्र वहिनीनं बाजारातल्या टपरीवरून एक पुडी आणली होती. "न सांगता दारू सोडवा" असं वर लिहिलेलं. ती महिनाभर त्याच्या आमटीत टाकत राहिली. आत काय आहे, हे पुडीवर छापलेलंच नव्हतं. तिला मी दोष देणार नाही. गावात दुसरं काय मिळत होतं?

आता ज्यासाठी मुद्दाम आपल्याला लिहायला बसले, ते सांगते. भाऊ गेला त्यानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तो अभ्यास झाला होता सावंतवाडीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या गोव्यात. 'संगाथ' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू हानिकारक पातळीपर्यंत गेलेले, पण पूर्ण आहारी न गेलेले ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशनाच्या एक ते चार भेटी दिल्या, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक, साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं, तर गेल्या पंधरवड्यात अजिबात न प्यालेले लोक समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते, न मिळालेल्यांत १८ टक्के. वर्षानंतर पुन्हा तपासलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांतले ५४ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर होते, न मिळालेल्यांतले ३२. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण फारसं घटलं नाही, हेही त्याच अभ्यासात प्रामाणिकपणे नोंदवलेलं आहे. म्हणून तर माझा त्याच्यावर विश्वास बसला.

२०१६ च्या त्या आषाढात या चार भेटींनी माझा भाऊ वाचला नसता. तो फार पुढे गेला होता, त्याला गोळ्या आणि खाट हवी होती. पण त्याच्या आधीची दहा वर्षं? ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायला लागला तेव्हा तो फक्त पगाराच्या दिवशी प्यायचा. मग आठवड्याला, मग रोज रात्री, आणि शेवटची दोन वर्षं सकाळची घेतल्याशिवाय हात थांबायचे नाहीत. त्या दहा वर्षांत तो आरोग्य केंद्रात किती वेळा गेला असेल! पाठदुखीला गेला, कुत्रं चावलं म्हणून गेला, ट्रॅक्टरवरून पडून हात मोडला तेव्हा गेला. हात मोडला तेव्हा तोंडाला वास येत होता. "किती पिता?" एवढा प्रश्न एकदाही कोणी विचारला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंच दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केलेली आहे. विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राबद्दल मला अपार आदर आहे. १९८६ पासून तिथं चाललेलं काम मोठं आहे. पण तिथला उपचार पस्तीस दिवसांचा, आणि हंगामात पस्तीस दिवस खाडा करून पुण्याला राहणं आमच्याकडच्या ड्रायव्हरला किंवा ऊसतोड मजुराला जमत नाही. एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले सदतीस माझ्या भावासारखे, माळेच्या आणि पुडीच्या भरवशावर.

आपल्या राज्यात व्यसनमुक्तीचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे आहे आणि परवाने, महसूल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. तरीही हे पत्र मी आपल्याला लिहिते, कारण दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य काळजी कायदा स्पष्ट म्हणतो आणि सरकारी उपचारांचा हक्कही देतो. आजार असेल तर तो आरोग्य खात्याचा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दारू सोडवण्याच्या गोळ्या ठेवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्या द्यायला शिकवा, आणि एक समुपदेशक पगारी नेमा. पगारी हे मुद्दाम म्हणते, नाहीतर हेही काम आशाताईंच्या पदरात टाकलं जाईल. किती आले, तीन महिन्यांनी किती टिकले, याचे आकडे दरवर्षी जाहीर करा. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा उपक्रम चालू आहे. गावागावांत दारूचं प्रमाण मोजून काम कसं करायचं, हे तिथून शिकता येईल.

शाळांबद्दल मात्र मला कबुली द्यायची आहे. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, मी मुलांची फेरी काढायचे. "दारू सोडा, संसार जोडा." एका वर्षी फेरी भावाच्या दारावरून गेली. सगळ्यांत पुढे फलक घेऊन त्याचाच मुलगा होता, चौथीतला. बाप उंबऱ्यावर बसलेला. पोरानं फलक खाली केला आणि मान घालून चालायला लागला. तो फलक मीच त्याच्या हातात दिला होता. भीती घालणारी भाषणं आणि व्यसनातून सुटलेल्यांची शाळेतली कथनं यांनी मुलं व्यसनापासून दूर राहत नाहीत, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात नोंदवलं आहे. त्यांच्या मते उपयोगी पडतं ते वेगळंच. पालकांना मुलांशी वागण्याचं शिक्षण द्यायचं, आणि वर्गात मुलांकडून राग आवरण्याची, नाही म्हणण्याची कौशल्यं सरावानं करून घ्यायची. हे मला तीस वर्षांच्या नोकरीत एकाही प्रशिक्षणात मिळालं नाही. शिक्षणमंत्र्यांशी आपण एकदा बोलावं, ही विनंती.

तो मुलगा आता पंचविशीत आहे. बापाचाच ट्रॅक्टर चालवतो. गेल्या वर्षापर्यंत शनिवारी घ्यायचा, आता मधल्या वारीही येताना वास येतो. हात अजून थरथरत नाहीत. मी विचारलं तर हसतो, म्हणतो, "आत्या, मी काय पप्पांसारखा आहे का?" गेल्या महिन्यात पायात खिळा गेला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला तो उपकेंद्रात जाऊन आला. उपकेंद्र आमच्या घरापासून चारशे पावलांवर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका