नवे अमली पदार्थ ओळखण्यासाठी वर्णपटांचा सामाईक संग्रह हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. पदार्थ किती किलोंचा व किती कोटींचा होता हे त्यांत ठळकपणे दिलेले असते. मात्र ती पावडर मेफेड्रोनच आहे हे कोणी आणि कसे ठरवले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. औषध कारखान्यात कच्च्या मालाच्या तपासणीत उमेदीची वर्षे घालवलेला विश्लेषक म्हणून या दुर्लक्षित बाजूविषयी लिहीत आहे.

मेफेड्रोन प्रथम १९२९ मध्ये तयार झाले. आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परिशिष्टात ते आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर ते या शहरात विकले जात असूनही पोलिसांना त्या कायद्याखाली हात घालता येत नव्हता. हा अनुभव विसरण्याजोगा नाही, कारण एका रेणूवर बंदी आली की त्याच्या रचनेत किंचित फेरफार करून नवा पदार्थ बाजारात आणायचा, हीच या धंद्याची रीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित कार्यालयाकडे अशा हजाराहून अधिक पदार्थांची नोंद आहे.

मेफेड्रोनच्या रेणूतील बेंझिन कड्यावर चौथ्या स्थानी असलेला मिथिल गट तिसऱ्या स्थानी नेला, की ३-एमएमसी हा वेगळा पदार्थ होतो. दोघांचे वजन एकच, आणि रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचे वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांचे तुकडेही जवळजवळ सारखेच पडतात. अवरक्त वर्णपटात, म्हणजे पदार्थ अवरक्त प्रकाश कुठे किती शोषतो याच्या आलेखात, ज्याला आम्ही नुसते ‘आयआर’ म्हणतो, कड्यावरील गटाची जागा बदलली की आलेखातील शिखरेही बदलतात. चुंबकीय क्षेत्रात अणूंची मांडणी टिपणाऱ्या एनएमआर तंत्रामध्ये तर चौथ्या स्थानाची सममिती लगेच दिसते. मेफेड्रोनची ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा ठरते आणि तिला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. तेव्हा ओळख एकाच तंत्रावर विसंबून ठरू नये, हा आरोपी आणि फिर्यादी पक्ष या दोघांच्याही हिताचा प्रश्न आहे.

विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखणारी, हातात मावणारी रामन यंत्रे पारदर्शक पिशवी न उघडता काही क्षणांत उत्तर देतात. सर रामन यांनी १९२८ मध्ये लावलेला शोध आज नाक्यावरच्या तपासात कामी येतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु रंगीत, अशुद्ध नमुना प्रकाशाने स्वतःच चमकू लागला की मूळ संकेत त्यात बुडतो, आणि भेसळीत एखाद-दोन टक्केच असलेला तीव्र पदार्थ या यंत्राच्या नजरेतून सहज सुटतो. शिवाय यंत्र फक्त आपल्या संग्रहातील वर्णपटांशी तुलना करते. आमच्या गोदामात एकदा नव्याने आलेल्या क्षाराचा वर्णपट संग्रहात भरायचा राहिला होता, तेव्हा यंत्राने निःशंकपणे त्याच औषधाच्या दुसऱ्या क्षाराचे नाव दाखवले. प्रयोगशाळेत आयआर काढल्यावर चूक कळली. तिथे फक्त एक ड्रम परत गेला. पोलीस तपासात अशा चुकीची किंमत माणसाला मोजावी लागेल.

जप्त अमली पदार्थांच्या नमुन्यांविषयीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रयोगशाळेने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. ज्याचा प्रमाणित नमुनाच हाताशी नाही, असा अनोळखी रेणू तेवढ्या अवधीत उलगडणे किती अवघड, हे या कामातील कोणीही सांगेल. कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेवर हा भार एकटीने टाकू नये. पवईच्या आयआयटीत आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उत्तम एनएमआर यंत्रणा आहेत. न जुळणारा प्रत्येक नमुना, ताबा आणि मोहोरेची कायदेशीर साखळी सांभाळून, तिथे तपासला जावा, आणि मिळालेला वर्णपट राज्यातील सर्व प्रयोगशाळांच्या सामाईक संग्रहात तातडीने भरला जावा, यासाठी गृह विभागाने कायमची व्यवस्था लावावी.

नव्या पदार्थाची सूचना त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयांनाही मिळायला हवी. बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या मुलाने अफूवर्गीय कृत्रिम पदार्थ घेतला असेल तर नॅलोक्सोन हा उतारा त्याचा जीव वाचवू शकतो. मेफेड्रोनवर तो चालत नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांना सध्या बाजारात काय फिरते आहे एवढे जरी कळले, तरी उपचाराची पहिली काही मिनिटे अंदाजात जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषध विश्लेषक, मुलुंड (पूर्व), मुंबई