दहाव्या खंडात अडकलेली कथा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजीतील अद्भुतरम्य कादंबरी-मालिकांची ओळख करून देणारा लेख वाचला. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या चौदा खंडांच्या मालिकेची त्यात केलेली स्तुती पाहून हे पत्र लिहीत आहे. या मालिकेवरची दृश्यमालिका २०२१ मध्ये आली आणि तीन पर्वांनंतर २०२५ मध्ये अर्ध्यातच बंद पडली. तेव्हापासून, पुढे काय झाले ते कळावे म्हणून मूळ पुस्तकांकडे वळणारी महाविद्यालयीन मुले आपल्या सोलापुरातही भेटू लागली आहेत. हे खंड स्वस्त नाहीत आणि त्यांत मिळून सुमारे ४४ लाख शब्द आहेत. एवढा पैसा आणि वेळ घालण्यापूर्वी त्या मुलांना दुसरी बाजूही कळलेली बरी.

प्रथम या लेखकाचे श्रेय त्याला देतो. १९९० साली निघालेला पहिला खंड, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, आजही उत्तम वाटतो. मेंढपाळांच्या एका आडगावात सणाची तयारी चाललेली असते, बाहेरगावचा फेरीवाला नुकताच येऊन पोहोचलेला असतो आणि त्याच रात्री धाड पडते. रँड हा तरुण जखमी बापाला हाताने जुळवलेल्या डोलीवर घालून अंधाऱ्या रानातून गावाकडे ओढत नेतो, आणि तापाच्या भरात बाप जे बरळतो त्यातून त्याला उमगते की आपण याच्या पोटचे नाही, लढाईच्या धामधुमीत डोंगराच्या उतारावर सापडलेलो आहोत. चौथ्या खंडात (१९९२) तोच रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि जसजसा पुढे सरकतो तसतसा आपल्या पूर्वजांच्या एकेका पिढीत मागे जात राहतो. आज भाल्यांच्या बळावर जगणारी ही जमात एकेकाळी शस्त्राला हात न लावण्याचे व्रत पाळत होती, हे तिथे कोणी समजावून सांगत नाही. रँडबरोबर वाचकही ते पाहतो. पूर्वकथा सांगण्याची इतकी कसबी रीत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. सहाव्या खंडाच्या (१९९४) शेवटची लढाई वाचून होईपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही, हे आपल्या लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

त्यानंतर मात्र घसरण सुरू होते. आठव्या खंडाच्या शेवटाकडे, म्हणजे १९९८ साली, पेरिन या प्रमुख पात्राच्या बायकोला शत्रूची टोळी पळवून नेते आणि तिची सुटका होते अकराव्या खंडात, २००५ साली. कथेतल्या काळात हा प्रकार काही महिन्यांचा, पण खंड निघतील तसतसे वाचणाऱ्यांची त्यात सात वर्षे गेली. मला सगळे खंड एकापाठोपाठ मिळाले, त्यामुळे माझी त्यातून लवकर सुटका झाली. या काळात पेरिन बायकोच्या काळजीने झुरतो, छावणीतल्या कुरबुरी ऐकतो, आणि सैन्यासाठी धान्य घ्यायला एका गावी जातो तर तिथल्या धान्याला कीड लागलेली निघते. कीड लागलेल्या धान्यावर इतकी पाने मी याआधी कधी वाचली नव्हती.

दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३), हा या दुखण्याचा कळस आहे. नवव्या खंडाच्या शेवटी रँडने एक अचाट कृत्य केलेले असते. पुरुषांच्या वाट्याच्या जादूला तीन हजारांहून अधिक वर्षे लागून राहिलेला आणि ती वापरणाऱ्याला वेड लावणारा कलंक त्याने धुऊन काढलेला असतो. आता पुढे काय, या उत्सुकतेने दहावा खंड उघडावा, तर घड्याळ मागे फिरवलेले. निरनिराळ्या ठिकाणची पात्रे दूरवर उसळलेली ती शक्ती जाणवून एकाच दिशेने पाहत आहेत आणि तिकडे काय चालले असावे असा तर्क करत आहेत. तो तर्क शेकडो पाने चालतो आणि वाचकाला तर उत्तर आधीच्याच खंडात मिळालेले आहे. शिवाय या खंडाची प्रस्तावनाच एखाद्या लघुकादंबरीएवढी आहे. राहिलेल्या पानांत स्त्रिया वेण्या ओढतात, घागरे सारखे करतात, चहा निवल्याबद्दल कुरकुरतात, आणि प्रत्येकीच्या पोशाखाचे कापड, रंग, बाह्यांवरचे भरतकाम यांची सविस्तर नोंद होते. कापडाच्या गावातला माणूस मी, कापडाच्या वर्णनाला कंटाळणारा नव्हे. पण इथे मीही हात टेकले.

काहीजण म्हणतील की आजच्या वाचकालाच दीर्घ कथेची सवय राहिलेली नाही. हा आक्षेप आपल्या भागातल्या वाचकाला तरी लागू पडत नाही. आपल्याच जिल्ह्यातील नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ ३६ अध्यायांचा, ‘रामविजय’ ४० अध्यायांचा आणि ‘पांडवप्रताप’ ६४ अध्यायांचा आहे. श्रावणात नाहीतर अधिक मासात या पोथ्या लावून त्या समाप्तीपर्यंत ऐकणारी घरे इथे आजही आहेत. त्या श्रोत्यांना कथा आधीपासून तोंडपाठ असते, तरीही अध्याय संपतो तेव्हा काहीतरी घडून गेलेले असते आणि उद्याच्या बैठकीला यायला कारण उरलेले असते. महाभारताच्या वनपर्वात मूळ कथा बाजूला ठेवून नल-दमयंतीचे आख्यान सुरू होते तेही उगाच नव्हे. द्यूतात राज्य गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिराला द्यूतातच राज्य गमावलेल्या राजाची गोष्ट ऐकवली जाते. मूळ कथेला काही देऊन जाणारे आडवळण ऐकायला आपल्या वाचकाची कधीच ना नसते. जॉर्डन यांची मधल्या खंडांतील आडवळणे मूळ कथेला काहीच देत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

ही तक्रार अधिक बोचते ती मूळ कल्पनेच्या थोरवीमुळे. या मालिकेत काळाचे चाक युगांचे वस्त्र विणते, माणसे त्यातले धागे असतात, आणि काही थोड्या धाग्यांभोवती बाकीचे आपोआप ओढले जातात. फिरून फिरून येणारी युगे आपल्याला परकी नाहीत आणि मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला विणकामाची ही कल्पना कोणी समजावून सांगायला नको. पण मागावर नवनवे रंग चढवत राहायचे आणि नक्षी मात्र वीतभरही पुढे सरकू द्यायची नाही, असे केले तर चादर उतरणार कधी?

सुरुवातीचा करार सहा पुस्तकांचा होता असे सांगतात. मग हे असे का झाले? संपादनाचे काम जॉर्डन यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल यांच्याकडे होते आणि त्या स्वतः नाणावलेल्या संपादक होत्या, त्यामुळे जाणकाराची नजर नव्हती असे म्हणता येत नाही. मला कारण बाजारात दिसते. आठव्या खंडापासून पुढचा प्रत्येक खंड ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, अगदी तो दहावासुद्धा. कुरकुरत का होईना वाचक विकत घेतच असतील, तर कात्री चालवण्याची गरज कोणाला वाटणार? अकराव्या खंडात कथा पुन्हा धावू लागते, म्हणजे लेखकाचे कसब कुठे गेलेले नव्हते. दुर्दैवाने २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले. त्याबद्दल त्यांना बोल लावणे माणुसकीला धरून होणार नाही. मात्र मधल्या खंडांत गेलेली ती वर्षे त्यांना स्वतःच्या हाताने शेवट लिहायला मिळाली असती, हा विचार मनातून जात नाही.

पुढे ब्रँडन सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांच्या आधारे काम हाती घेतले आणि एकाच खंडात संपवायचे ठरलेले कथानक तीन खंडांत (२००९, २०१० आणि २०१३) पूर्ण केले. त्यांनी वेग आणला, लोंबकळणारी सूत्रे बांधली, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानायला हवेत. तरीही बोलण्याचा सूर बदललेला कळतो. विशेषतः मॅट हा विनोदी जुगारी तरुण काही प्रकरणांत ओळखूच येत नाही. आणि पहिल्या खंडात सणाच्या गावात गाडी घेऊन आलेला तो फेरीवाला आठवतो ना? तो पुढे एक भयंकर खलपुरुष होतो आणि तेरा खंडभर त्याची भीती वाढवत नेलेली असते. चौदाव्यात त्याचा निकाल अवघ्या काही पानांत लावला आहे. ज्या मालिकेला किडक्या धान्यासाठी पाने सापडली, तिला याच्यासाठी सापडू नयेत?

आपल्या लेखकाला माझी विनंती अशी की, अशा मालिकांची शिफारस करताना एकूण खंड किती, मालिका पूर्ण झाली आहे की नाही आणि ती एकाच लेखकाच्या हातून झाली आहे का, एवढी माहिती लेखासोबत चौकटीत द्यावी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट वाचकांनी त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पाहिली, हे ठाऊक असलेला वाचक निदान समजून-उमजून त्यात पडेल. ‘द व्हील ऑफ टाइम’ वाचायला घेणाऱ्यांना मी इतकेच सुचवेन की पहिले सहा खंड मनसोक्त वाचावेत, सातवा भराभर उरकावा, आठव्या ते दहाव्याचा नुसता सारांश पाहून नवव्याचा शेवट तेवढा मुळातून वाचावा आणि मग थेट अकरावा उघडावा. दोन खंडांचे पैसे वाचतील ते वेगळेच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर